सत्यशोधनाची वही

पुण्यात कायद्याचं शिक्षण घेत असताना एका खुल्या पत्राची सायक्लोस्टाइल प्रत माझ्या हातात आली. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा तो खटला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा सुनावली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. त्यावर १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना हे पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळं कलम आलं, आणि अशा खटल्यांत संबंध आल्याचं सिद्ध झालं असेल व बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणत असेल तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालावं, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

त्या मुलीचं नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी झालं. मी ते कधीच लिहिलेलं नाही. पीडितेची ओळख उघड करू नये हे कलमही १९८३ च्या त्याच दुरुस्तीने आलं.

ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की त्याच्या घड्या फाटल्या. त्यात राग होता, आणि प्रत्येक रागाच्या वाक्याच्या आधी निकालातला एक मुद्दा उलगडून ठेवलेला होता. अशा तऱ्हेने लिहिता आलं पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवलं. पुढे मी कायद्याची प्राध्यापक झाले आणि पुराव्याचा कायदा हाच विषय हट्टाने मागून घेतला. त्याच सुमारास एका नागरी हक्क संघटनेत काम करू लागले. शिकवणं, संघटनेचं काम आणि लिहिणं अशी तिहेरी कसरत कशी जमते, असं लोक विचारतात. मला ती तीन कामं कधी वाटलीच नाहीत. का वाटली नाहीत, ते एका गावाच्या निमित्ताने सांगते.

त्याआधी वहीबद्दल सांगायला हवं. आमच्या संघटनेत एक ज्येष्ठ वकील होते. आणीबाणीच्या काळापासून या कामात असलेले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्कच स्थगित राहू शकतो असं म्हटलं, आणि न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, हे ते नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच भेटीत सांगत. मग हातात एक दोनशेपानी वही देत आणि तिच्या पानावर दोन उभ्या रेघा मारायला लावत. पहिल्या रकान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्यात कुणी सांगितलेलं, सांगणाऱ्यासकट. तिसऱ्यात ते पडताळून पाहण्यासाठी काय मिळालं: कागद, दुसरा साक्षीदार, जागेवरची खूण. तिसरा रकाना रिकामा असलेली गोष्ट अहवालात जायची तर ‘असे सांगण्यात आले’ या शब्दांनिशीच. वर्गात मी साक्षीबद्दलचं कलम शिकवते (जुन्या पुराव्याच्या कायद्यात ते ६० होतं, जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ५५ आहे), तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे हे सांगते, तेव्हा मुलांना आधी या दोन रेघा मारायला सांगते. कलम त्यानंतर समजतं.

कोठडीतले मृत्यू, झोपडपट्ट्यांवरची बुलडोझर कारवाई, चकमकी, अत्याचार अशी बरीच प्रकरणं या वह्यांमधून गेली. मारहाण, जाळपोळ, खून अशा घटनांत निदान काहीतरी घडलेलं असतं. सर्वांत अवघड तपास मला वाटतो तो बहिष्काराचा. कारण बहिष्कारात कुणी काही करतच नाही. दुकानदार माल देत नाही, शेतकरी कामाला बोलवत नाही, रिक्षावाला थांबत नाही. पंचनामा कशाचा करायचा?

हे दुखणं जुनं आहे. १९२८ साली मुंबई सरकारने दलित-आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं नेमकं वर्णन आहे: अस्पृश्याने जमीन विकत घेतली, चांगले कपडे वा दागिने घातले, नवरदेवाची वरात घोड्यावरून सार्वजनिक रस्त्याने नेली, एवढ्या कारणावरून सगळ्या वस्तीचं काम बंद, वाट बंद, वाण्याकडचा माल बंद. बाबासाहेबांनी हा भाग गोलमेज परिषदेपुढे ठेवला आणि १९२२ च्या बर्मातल्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला १९८९ मध्ये, आणि त्यात सामाजिक-आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा झाला तो २०१५ च्या दुरुस्तीने. ती अमलात आली २६ जानेवारी २०१६ ला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला वेगळा कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. गोलमेज परिषदेपासून मोजलं तर पंच्याऐंशीच्या आसपास वर्षं. हे वर्गात सांगताना माझा आवाज अजूनही चढतो.

ते गाव मराठवाड्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात. २०१७ च्या आंबेडकर जयंतीची मिरवणूक वस्तीतल्या पोरांनी दरवर्षीच्या मागच्या वाटेऐवजी वेशीतून, मुख्य रस्त्याने काढली. ग्रामपंचायतीची परवानगी होती, पोलिसांचा बंदोबस्तही होता. मिरवणूक शांततेत पार पडली. दोन दिवसांनी रात्री देवळापुढे बैठक झाली, आणि दुसऱ्या सकाळपासून वस्तीशी गावाचा व्यवहार थांबला. वस्तीतले लोक ठाण्यात गेले तर अधिकारी म्हणाले, “तुम्हाला कुणी मारलं का? शिवी दिली का? मग गुन्हा कसला नोंदवू?” अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही.

आमच्या पथकात मी, एक वकील, एक पत्रकार आणि माझ्या वर्गातल्या तीन विद्यार्थिनी होतो. पथक बांधताना काही गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. निदान एक जण त्या भागातली बोली बोलणारा हवा. निम्म्या बायका हव्यात. तक्रारदारांच्या किंवा कुठल्या पुढाऱ्याच्या गाडीतून जायचं नाही. एसटीने जायचं, आपला डबा आपण न्यायचा. कुणालाही ‘न्याय मिळवून देतो’ असं म्हणायचं नाही. ‘आम्ही लिहून घेऊ, तपासू आणि जिथे पोचवायचं तिथे पोचवू’, इतकंच. आणि दुसऱ्या बाजूला भेटल्याशिवाय गाव सोडायचं नाही, मग ती बाजू कितीही तिरसट वागो.

वस्तीत गेल्या गेल्या चौकात गर्दी जमली. सगळे एकदम बोलत होते. “बहिष्कार टाकलाय, मॅडम, सगळं बंद केलंय.” अशा घोळक्यात नोंद घेऊ नये, हा या कामातला पहिला धडा. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात जातं आणि मग कोर्टात सगळ्यांची जबानी सारखी दिसते. आम्ही घराघरांत विभागून बसलो.

माझी एक विद्यार्थिनी परभणीकडची, शेतमजुराच्या घरातली. तिने एकीलाही ‘बहिष्कार आहे का’ असं विचारलं नाही. तिने विचारलं, “काल भाकरीचं पीठ कुठून आणलं?” बाई म्हणाली, “पल्याडच्या गावातून. डोक्यावर पायली घेऊन गेले, दळून आणलं.” “आधी कुठं दळत होता?” “हितंच, वेशीपाशी.” “मग तिथं का नाही गेलात?” “गेले की. मोटार जळली म्हणला. पन माझ्या मागं आली ती बाई, तिचं दळून दिलं. मी बघत हुते.” काल आणि परवाबद्दल विचारलं की माणूस जे घडलं ते सांगतो, बहिष्काराबद्दल विचारलं की जे ऐकलं ते सांगतो. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. उलट त्या संध्याकाळपासून मीच तिची पद्धत घेतली, आणि आजवर प्रत्येक तुकडीला ती तिच्या नावाने शिकवते.

किराणा, सलून, वडाप रिक्षा, शेतातली रोजंदारी, सगळ्यांबद्दल अशाच जबान्या मिळाल्या. दुसरा रकाना भरत होता, तिसरा मोकळाच. दुकानदाराकडे उधारीची वही होती, त्याने दाखवायला नकार दिला. तो त्याचा हक्क होता. पण वस्तीतल्या एका घरी त्यांच्याजवळची छोटी हातवही होती. दुकानदार स्वतःच्या अक्षरात उधारी लिहून देत असे ती. साखर, चहा पत्ती, तेल, साबण. जवळजवळ रोज काहीतरी. बैठकीच्या दिवसापर्यंत. पुढची पानं कोरी.

मग वस्तीतल्या एका आजोबांनी दुधाचं कार्ड काढून आणलं. वस्तीत काही घरांत गाई होत्या आणि गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध जाई. कार्डावर प्रत्येक वेळची नोंद: लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. बैठकीनंतरच्या सकाळी केंद्रवाल्याने दूध परत पाठवलं होतं. “फॅट लागत नाही” असं कारण दिलं होतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही तेव्हाची मानकं. आमच्याबरोबरच्या पत्रकाराचं घर शेतकऱ्याचं, त्याला हे आकडे तोंडपाठ. त्याने सगळ्या घरांची कार्डं मागवली आणि ओसरीवर ओळीने मांडली. कित्येक महिन्यांच्या नोंदी: ३.७, ३.९, ४.१. एकाही घराची नोंद साडेतीनच्या खाली नव्हती. आणि एकाच सकाळी वस्तीतल्या सगळ्या गाईंचं दूध एकदम नापास झालं होतं. गावातल्या बाकीच्यांचं दूध त्याच दिवशी, त्याच यंत्रावर पास.

तो क्षण मी विसरणार नाही. कुणी काही केलेलं नाही, असं म्हणणाऱ्या गावात एक कागद असा निघाला, जो गावाच्याच हाताने लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या बाजूला गेलो. सरपंच बोलले. त्यांचं म्हणणं असं की असा कोणताही ठराव झालेला नाही, उन्हाळ्यात शेतात काम नसतं, आणि व्यवहार कुणी कुणाशी करावा ही ज्याची त्याची मर्जी. आम्ही ते शब्दशः लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. नवख्या मुलांना हा भाग नकोसा वाटतो. ‘यांचं कशाला छापायचं?’ असं त्या रात्री एकीने रडवेलं होऊन विचारलं. मी तिला म्हटलं, अहवाल उद्या जिल्हाधिकारी वाचतील, तेव्हा सरपंच त्यांना हेच सांगणार आहेत. ते आपल्या अहवालात आधीच असलं, आणि त्याच्या पुढच्याच पानावर एप्रिल महिन्यात मागच्या वर्षी किती घरांना काम मिळालं होतं त्याची रोजगार हमीची आणि मजुरीची नोंद असली, तर ते वाक्य तिथेच पडतं.

गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या आजींनी माझा हात धरून आत घेतलं. त्या गावाच्या बाजूच्या. बैठकीत काय ठरलं ते त्यांनी सांगितलं: वस्तीला माल देईल त्याला पाच हजार दंड. “माझ्या लेकानं त्यांच्या पोरीला गोळ्या आणून दिल्या तापाच्या, तर त्यालाबी दम भरला,” त्या म्हणाल्या. “लिहा, पण माझं नाव नगं.” ते नाव वहीतही लिहिलेलं नाही. वही जप्त होऊ शकते, हे गृहीत धरूनच लिहायचं असतं.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यांशी बोलताना आमच्या वकिलाने आवाज चढवला नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद करणं बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलेलं. दुरुस्त कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) हे बहिष्काराचंच कलम. आणि कलम ४ म्हणजे कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या लोकसेवकावरची कारवाई. तिन्हीच्या छायाप्रती टेबलावर ठेवून आम्ही अर्ज दिला. या वेळी पोच मिळाली.

अहवाल त्याच रात्री तालुक्याच्या गावी लिहायला बसलो. उशीर करायचा नाही हा माझा आग्रह असतो आणि त्यामागे बाबासाहेबांचं उदाहरण आहे. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले ती तारीख २० मार्च १९२७. सत्याग्रहींवर हल्ले झाले, गावोगाव छळ सुरू झाला. आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. जेमतेम दोन आठवडे. त्याआधी ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, नंतर १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. तळ्यावर जाणारा, वर्गात शिकवणारा आणि अग्रलेख लिहिणारा माणूस एकच होता. तिथे लोक मार खात असताना त्यांची बाजू छापली गेली पाहिजे, ही घाई त्यांना होती.

लिहिताना मुलांची विशेषणं मी काढायला लावते. ‘अमानुष’, ‘संतापजनक’, ‘माणुसकीला काळिमा’. यातलं एकही खोटं नव्हतं. पण ‘एका बाईने पीठ दळण्यासाठी पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन शेजारचं गाव गाठलं, ती बाई सात महिन्यांची गरोदर होती’ हे वाक्य लिहिल्यावर विशेषणाला जागा उरत नाही. अहवाल आधी मराठीतच लिहायचा, इंग्रजी तर्जुमा आयोगासाठी नंतर. कारण छापण्याआधी तो वस्तीत वाचून दाखवायचा असतो. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना कळणार नाही अशा भाषेतला अहवाल मला मान्य नाही.

वाचनाला सगळी वस्ती बसली. दोन ठिकाणी त्यांनी आमची चूक दुरुस्त केली. एका घराच्या गाईंची संख्या, एका रस्त्याचं नाव. एका बाईने आपल्या मुलीबद्दलचा उतारा काढायला सांगितला. मजबूत उतारा होता, पुरावाही होता. काढला. मुलीला त्याच शाळेत जायचं होतं.

जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, राज्याचा अनुसूचित जाती-जमाती आयोग आणि वर्तमानपत्रं अशा सगळ्यांना अहवाल दुधाच्या कार्डांच्या छायाप्रतींसह गेला. एका दैनिकाने कार्डाचा फोटो पहिल्या पानावर छापला. आठवड्याभरात गुन्हा नोंदला गेला आणि तपास नियमाप्रमाणे उपअधीक्षकांकडे गेला. गिरणीची मोटार दुरुस्त झाली. दूध पुन्हा केंद्रावर जाऊ लागलं, फॅटही लागू लागला.

मला मात्र महाविद्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. विद्यार्थिनींना ‘अशा ठिकाणी’ कुणाच्या परवानगीने नेलं? पालकांची संमतीपत्रं माझ्याकडे होती, सुट्टीचा काळ होता. खुलासा दिला. बढतीची फाइल त्यानंतर बराच काळ हलली नाही. त्या तिघींपैकी एकीच्या वडिलांनी मात्र फोन करून सांगितलं, “बाई, पुढच्या वेळी पण न्या तिला.”

खटल्याची गती मी काय सांगू! मध्येच २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला, ज्याने अत्याचाराचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट घालून दिली. देशभर उद्रेक झाला, आणि ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून ती अट काढून टाकली. या काळात आरोपींच्या वकिलांनी तारखांवर तारखा घेतल्या. साक्षी सुरू होईपर्यंत गावात दोन निवडणुका होऊन गेल्या, वस्तीतली काही तरुण मंडळी चाकणला कामाला गेली. दोन साक्षीदार उलटले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची शेतातली वाट आरोपीच्या बांधावरून जाते. बैठकीतला ठराव शाबित झाला नाही म्हणून कनिष्ठ न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. निकालपत्रात मात्र एक परिच्छेद असा आहे, की वस्तीतलं दूध विशिष्ट तारखेपासून नाकारलं गेलं हे कागदोपत्री सिद्ध झालं आहे. उच्च न्यायालयातल्या अपिलाचा सगळा भार आता त्या परिच्छेदावर आहे. पीठ कुठून आणलं विचारणारी माझी विद्यार्थिनी त्या अपिलात वकील म्हणून उभी आहे.

मी निवृत्त झाले, तरी शनिवारचा वर्ग घेते. सध्या आम्ही अत्याचार प्रतिबंधक नियमांतला नियम १७ हाती घेतला आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते, आणि तिने दर तीन महिन्यांनी किमान एकदा बैठक घ्यायची असते. कुठल्या गावात काय चाललंय ते तिथे वेळीच यावं, यासाठीच ती आहे. मुलांनी माहिती अधिकारात काही जिल्ह्यांकडे या बैठकांची इतिवृत्तं मागितली. एका ठिकाणाहून व्यवस्थित प्रती आल्या, त्यात पुनर्वसनाच्या रकमेपासून प्रलंबित गुन्ह्यांपर्यंत सगळं होतं. दुसऱ्या एका ठिकाणाहून उत्तर आलं की माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. मुलांनी पहिलं अपील दाखल केलंय. एकत्रित नको, बैठकनिहाय द्या, आणि ज्या तिमाहीत बैठक झाली नाही तिथे ‘झाली नाही’ असं सहीनिशी लिहून द्या, अशी त्यात मागणी आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि मुलांनी वहीत रेघा मारून ठेवल्या आहेत.